उंबऱ्याचा पाट

रस्त्याकडंचं लाकूड उचलाय वाकले की आधी माझी मान इकडं-तिकडं फिरती, कोण बघतंय का म्हणून. पोरगी काखंत असती, हातात कुणाच्या तरी खिडकीची मोडकी फळी असती, आन मागनं एकजण तरी इचारतंच, "जळण न्हेयालीस का गं?" मी पाय उचलती. जळण न्हाई म्हणलं तर मग कशाला ते सांगावं लागतंय, आन ते सांगायची मला जळणापरास जास्त लाज वाटती.

मी त्याची चित्रं करती. लिवताना बी कसंतरीच वाटतंय. चित्रं म्हंजी रंगवल्याली न्हाईत. पाडल्या घरांचं लाकूड आधीच रंगवल्यालं असतंय, कुणाचं दार हिरवं, कुणाची खिडकी निळी. मी ते कापती, घासती आन फळीवर चिकटवती. आमच्या ह्यांचा टेंपो दुपारचा हुबा असला की त्याच्या हौद्यात बसून करती. घरात करत न्हाई. घरात का न्हाई तेच सांगायचं हाय. नणंदंला इचारून लिवतीया. ती म्हणली, "लिव की वैनी, फकस्त माझं नाव घालू नगंस." मी कुणाचंच घातलं न्हाई.

आमी सांगलीत ऱ्हातो. दोन खोल्या हायत भाड्याच्या. सासूबाई, नणंद, आमचे हे, मी आन पोरगी. ह्यांचा टेंपो राडारोडा वाहतोय. पुराच्या पाण्यानं खचल्याली घरं, रस्ता रुंद करताना पाडल्याली घरं, त्यांची माती-इटा भरायची आन गावाभाईर वतायची. चांगल्या तुळया, खांब वखारवाले आधीच न्हेत्यात. मागं ऱ्हातंय ते मोडकं, कुजकं, खिळ्यांचं. ते बी हे फेकूनच देत हुते.

पोरगीला दात येत हुते तवाची गोष्ट. लय रडायची. म्हणून मी हौद्यात पडल्याला खिडकीचा एक तुकडा तिच्या हातात दिला. त्येचा पांढरा रंग पुरात भिजून फुगला हुता, आन त्येचे बारीक पापुद्रे वर वळले हुते. पोरगीनं त्येच्यावर हात फिरवला आन गप झाली. मी बघितलं तर ते मेंढरू हुतं. पाय न्हाईत, तोंड न्हाई, पर लोकर तशीच. मी दाराच्या काळ्या फळीचा एक बारका तुकडा तोंड म्हणून लावला. मग दुसरं केलं, तिसरं केलं, आन बघता बघता भिंतीला कळप झाला.

मेंढरंच का, तर मला दुसरं काय ठावं न्हाई. माझा बाप म्हसवडकडचा. आमच्यात अजून मेंढरं हायत. पाऊस सरला की वाडा निघायचा, म्हंजी मेंढरं, घोडी, कोंबड्या, आमी पोरं, सगळं चालत. आज ह्याच्या रानात, उद्या त्येच्या. त्यामुळं शाळा पाचवीलाच सुटली. सासरची बी आमच्यातलीच, पर त्यांनी मेंढरं कवाच सोडल्यात. सासूबाई भिंतीकडं बघायच्या आन म्हणायच्या, "जलमभर मेंढरामागं चालले तवा कुठं भिंतीचं घर बघितलं. आन ह्या बयेनं मेंढरं भिंतीवर चढवली."

नणंद तेवढी हसायची. ती हळदीच्या गोदामात कामाला हाय, सांजचं घरी आली की तिचं हात, नाक, पापण्या, सगळं पिवळं असतंय. हात न धुताच कळपाम्होरं हुबी ऱ्हायची. "वैनी, ह्यो बोकड कुणागत दिसतोय सांगू? आमच्या मुकादमागत. तसाच मान वाकडी करून बघतोय, मेला."

तिचं लगीन हेच आमच्या घरातलं मोठं कोडं हुतं. दोन ठिकाणी तिनंच न्हाई म्हणलं हुतं. भावकीत बोलणं सुरू झालं, पोरीलाच काय तरी आसंल म्हणून. मग साताऱ्याचं स्थळ आलं. पोरगा कंपनीत, घर सोताचं. सासूबाईंनी नणंदंला म्होरं बसवून सांगितलं, "आता ह्यांस्नी न्हाई म्हणलीस तर मी सिद्धनाथाच्या दारात जाऊन बसंन. परत येणार न्हाई. मग रांधा दोघी." त्या गमतीनं बोलत न्हवत्या.

मग सासूबाई माझ्याकडं वळल्या. "पोरीला काय पत्र्याच्या डब्यावर बसवायचं पावण्याम्होरं? रोज खटाखटा करतीस, तर एक पाट कर. चांगला कर. आन मेंढरं नगंत त्येच्यावर."

मला लय आनंद झाला. खरं सांगती, लगीन झाल्यापास्नं त्या घरात मला कुणी काय मागितलं न्हवतं, नुस्तं सांगितलं हुतं. हे मागणं हुतं. मी आतल्या आत नाचले.

तवा ह्यांनी गावभागातल्या एका जुन्या घराचा राडारोडा वाहिला हुता. त्यात एक लाकूड हुतं, काळंभोर, जड, सागवानाचं. एक टोक कुजल्यालं, म्हणून वखारवाल्यानं सोडल्यालं. ह्यांनी ते चाकाखाली लावाय ठेवलं हुतं. मी मागून घेतलं. त्येच्या मध्यात खळगा हुता, गुळगुळीत, जसं काय कुणी हातानं चोळून केलाय. मला वाटलं, देवानंच बसायला जागा करून ठिवलीय. एका बाजूला गोल भोक हुतं. आन वरच्या अंगाला, लाकडाच्या रेषांत, पिवळा-तांबडा थर बसला हुता, वाळून दगडागत झाल्याला. मी म्हणलं, जुना रंग आसंल.

तो थर मी कानशीनं घासला. पोरगी निजली की घासायची, उठली की थांबायची. बारीक पिवळी भुकटी उडायची, ती फुंकायची. नणंद म्हणली बी, "वैनी, आज तू बी हळदीच्या गोदामात गेल्तीस का काय?" दोघी हसलो. मग कुजकं टोक कापलं. दोन्ही अंगाला हिरव्या खिडकीच्या पट्ट्या जोडल्या, खाली पाय बसवलं. त्या भोकात पांढऱ्या लाकडाचं फूल बसवलं, एक-एक पाकळी पटाशीनं काढून. तेल लावलं तसं लाकूड आतनं मधागत उजळलं. सासूबाईंनी त्येच्यावर हात फिरवला आन म्हणल्या, "बरा झालाय." एवढंच म्हणल्या. पर मी त्येवढ्यावर दिसभर जगले.

पावणे आले. पोरगा, त्येचा बाप आन त्येची चुलती. चुलती म्हंजी घरातली कर्ती बाई, पोराची आई न्हाई, हिनंच वाढवल्याला. उंच, पांढऱ्या केसांची, पायात जड जोडवी. कांदं-पवं झालं, च्या झाला. नणंदंला डोक्यावर पदर दिऊन आणली आन माझ्या पाटावर बसवली. मी दाराआड पोरगीला घिऊन हुबी, आन बघतीया कुणाकडं, नणंदंकडं न्हाई, पोराकडं न्हाई, पाटाकडं. हिरव्या पट्ट्या तिच्या साडीला किती शोभत्यात, तेच बघतीया. आता वाटतंय, त्येच येळी मला एक मुस्काडात मारायला पायजे हुती कुणीतरी.

पोराच्या बापानं इचारलं, "काय काम करतीस बाळ?"

"हळद निवडती."

पोरानं इचारलं, "उंची किती?"

"बसल्याली मोजू का हुबी ऱ्हाऊन?" नणंद म्हणली. सासूबाईंनी डोळं वटारलं. पोराचा बाप हसला. मला वाटलं, जमलं.

मग चुलती कुंकवाचा करंडा घिऊन उठली. वाकताना तिनं आधाराला पाटावर हात टेकला. तो हात तिथंच ऱ्हायला. बोट त्या फुलावरनं फिरलं. मग खळग्यावर आलं, नणंदंच्या साडीच्या काठाखाली.

"ह्यो पाट कुणी केला?" तिनं इचारलं.

मी दाराआडनं भाईर आलेच. तोंडातनं शब्द पळत सुटलं. "मी केलाय काकी, समदं पाडल्या घरांचं हाय, इकत काय आणल्यालं न्हाई, हे हिरवं खिडकीचं हाय, आन हे मधलं एका जुन्या घराचं, लय भारी लाकूड हाय, त्येला खळगा आपसूकच हुता, मी काय केल्याला न्हाई—"

"बाळा," ती म्हणली, लय हळू, "ह्यो उंबरा हाय."

तिनं बोट परत फुलावर ठिवलं.

"ह्ये भोक हाय न्हवं, ह्यात दार फिरतंय. आन खळगा माणसांच्या पायांनी पडल्याला. किती पिढ्या वलांडल्या आसतील."

सासूबाईंचं तोंड पांढरंफटक पडलं. उंबऱ्यावर बसू नये हे मला ठावं न्हवतं असं न्हाई. पोरगी बसली तर मीच तिला उठवती, उंबऱ्यावर बसलं की घरात भांडण येतंय, रीण येतंय. नेम मला पाठ हुता. पर ती वस्तू मला वळखू आली न्हाई. आमी पालात वाढलो. पालाला दार न्हवतं तर उंबरा कुठला? आन ह्या भाड्याच्या खोलीला बी दारात फरशीची पट्टी हाय नुस्ती. दारापास्नं सुटल्याला, राडारोड्यात उताणा पडल्याला उंबरा मी जलमात बघितला न्हवता. तो थर कशाचा हुता ते तवा डोक्यात शिरलं. कुणा-कुणा बायांनी सणावाराला लावल्यालं हळदीकुंकू, आन मी ते कानशीनं खरवडलं, फुंकर मारली, हसले. पायाखालची फरशी फाटावी असं झालं.

सगळी नणंदंकडं बघत हुती. ती अजून त्येच्यावरच बसल्याली. ती म्हणली, "मग आता मी घरात हाय का भाईर?"

पोराच्या बापाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. दुसरं कुणी हसलं न्हाई. चुलतीनं नणंदंला हाताला धरून उठवलं. मग खाली वाकून आधी त्या लाकडाला हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडलं, आन मग हुब्यानंच नणंदंच्या कपाळाला लावलं. मग पावणे निघाले. जाताना पोराचा बाप म्हणला, "कळवतो."

ती गेल्यावर सासूबाई एवढंच म्हणल्या, "तुला उंबरा वळखू येत न्हाई?"

"आमच्यात कुठला हुता, आत्याबाई."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पाट त्यांनी पोत्यात गुंडाळून भिंतीकडं तोंड करून ठिवला. बसता येत न्हाई, जाळता येत न्हाई, टाकता येत न्हाई. पोरगी त्या पोत्याकडं रांगत गेली की सासूबाई तिला उचलून दुसरीकडं ठिवायच्या आन माझ्याकडं न बघता सैपाकाला लागायच्या. कळप मी भिंतीवरनं उतरवला. कुणी सांगितलं न्हवतं.

फोन काय येईना. रोज सासूबाई मोबाईल चार्जिंगला लावायच्या, चार्ज आसला तरी. नणंद कामाला जायची, यायची, जेवायची, माझ्याशी नेहमीगत बोलायची. मला वाटायचं, किती मोठ्या मनाची हाय. तिचं माझ्यामुळं मोडाय लागलंय आन ती मला एक शब्द बोलत न्हाई. त्यानं तर मला जास्तच मेल्यागत व्हायचं.

शेवटी ऱ्हावलं न्हाई. मी खोटं बोलले. म्हणले, बापाचा वाडा कराडकडं आलाय, भेटून येती. आन पोरगीला घिऊन साताऱ्याच्या यष्टीत बसले. एकटीनं एवढ्या लांब कवा गेले न्हवते. वाटंनं सगळं पाठ करत हुते, काय म्हणायचं, कसं म्हणायचं, आन कराड गेलं की सगळं इसरले. पोरगी अंगावर वकली. साताऱ्यात पेठंचं नाव इचारत इचारत, चढ चढत, घर सापडलं तवा माझा दम छातीत मावंना.

दार उघडंच हुतं. चुलती तांदूळ निवडत हुती. मी भाईरच हुबी ऱ्हायले.

"आगं, तू? आत ये की."

"न्हाई काकी, हितनंच बोलती. ती चूक माझी हाय, नणंदंला काय ठावं न्हवतं, सासूबाईंस्नी ठावं न्हवतं, मी मेंढरावाल्याची, मला उंबरा कळत न्हाई, तिच्यात काय खोट न्हाई काकी, लय चांगली हाय, तुमी तिच्यावर नगा काढू, पायजे तर मी लग्नात म्होरं येत न्हाई—"

"दम घे," ती म्हणली. "पोरीला पाणी पाज आधी."

तिनं तांब्या आणून दिला. मी पाणी पाजलं. मग ती उंबऱ्याच्या आतल्या अंगाला बसली, मी भाईरच्या अंगाला, आमच्या मधी तिचा उंबरा.

"आमी व्हयच म्हणणार हुतो," ती म्हणली. "पोराला पसंत हुती. लाकडाचं म्हणशील तर मी त्येला कुंकू लावलं तवाच ते मिटलं हुतं. देव काय येवढा बारीक बघत न्हाई."

"मग?"

"तुला सांगितलं न्हाई? तिनंच फोन केल्ता. आमी कराड बी गाठलं न्हवतं. म्हणली, काकी, शकुन वंगाळ झाला, माझं मन भ्यालंय, तुमी म्होरं न्हेऊ नगा. आन म्हणली, थोडं दिस घरात कळवू नगा, आईला मीच सांगती. मला वाटलं, घरात ठरवून केलंय."

मी काय बोलले, आठवत न्हाई. निघताना चुलतीनं पोरगीच्या हातात गूळ दिला आन म्हणली, "फूल चांगलं केल्तंस." मला त्या शब्दाची बी लाज वाटली.

परतीच्या यष्टीत आधी माझा जीव भांड्यात पडला. माझ्यामुळं न्हाई मोडलं. माझ्या लाकडामुळं न्हाई. खिडकीला डोकं लावून मी चक्क हसले. मग राग आला. इतकं दिस मी सासूबाईंच्या पाठीकडं बघत जेवले, आन ही शेजारी बसून भाकरी मोडत हुती! मग वाटलं, मी कशाला हसले? तिचं लगीन मोडलंय आन मी हसले, माझी सुटका झाली म्हणून. मी तिच्यासाठी गेल्ते का माझ्यासाठी, तेच मला कळंना.

घरी पोचले तवा नणंद मोरीपाशी हात धूत हुती. पिवळं पाणी वाहत हुतं. सासूबाई देवळात गेल्त्या.

"भेटला का बाप?" तिनं इचारलं.

"मी साताऱ्याला गेल्ते."

तिचा हात थांबला. मग तिनं परत साबण लावला. "मग आता काय, कळलं सगळं."

"पोरगा वंगाळ हाय का?"

"न्हाई गं. बरा हाय."

"मग?"

"बराच हाय नुस्ता." ती हसली, पर डोळ्यात पाणी हुतं. "वैनी, मला न्हाई म्हणाय तोंडच ऱ्हायलं न्हवतं. दोनदा म्हणून झालं. तिसऱ्यांदा म्हणले असते तर आई खरंच जाऊन बसली असती. तुझ्या लाकडानं मला तोंड दिलं. त्या टायमाला दुसरं काय सुचलंच न्हाई."

"आन मला?"

"मला वाटलं, मी आईला सांगीन लवकर, मग तुझ्यावरचं बी निघंल. रोज सांगीन म्हणती. आई त्या पोत्याकडं बघती आन माझी जीभ टाळ्याला चिकटती." तिनं नळ बंद केला. "तू सांग. आज सांग. मी न्हाई म्हणायची न्हाई, तुझी शप्पत."

तेवढ्यात सासूबाई आल्या. कानाला मोबाईल, तसाच धरल्याला, फोन संपला तरी. चुलतीनं तिकडनं फोन केल्ता, मी जाऊन आले तवा तिला वाटलं आसंल, आता कळवावं. सासूबाई खाली बसल्या. "साताऱ्याची न्हाई म्हणली. शकुनाचं म्हणत्यात." माझं जाणं आन नणंदंचा फोन चुलतीनं पोटातच ठिवला हुता. मग पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "तुझ्या पाटानं घालवलं बग. आजपास्नं एक काडी बी घरात आणायची न्हाई."

नणंद ओल्या हातानं हुबी. ती माझ्याकडं बघत न्हवती, आईकडं बी न्हाई, खाली बघत हुती. मला येवढंच बोलायचं हुतं, आत्याबाई, हिला इचारा. जिभंवर आलं हुतं. पर मी भ्याले. सासूबाई खरंच देवाच्या दारात जाऊन बसल्या तर म्हणून भ्याले, आन त्यापरास जास्त ह्येला भ्याले, की ह्या घरात माझ्या लाकडाकडं बघून हसणारं एकच माणूस हाय, ते बी जाईल.

"चुकलं माझं, आत्याबाई," मी म्हणले.

त्यात खोटं काय न्हवतं. चुकलं तर हुतंच. नणंद चुलीपाशी गेली आन भाकऱ्या थापाय लागली. नेहमी सासूबाईंचं ताट पहिलं असतंय. त्या दिवशी तिनं पहिलं ताट माझ्याम्होरं ठिवलं, भाकरी त्यात मोडून दिली. सासूबाईंनी ते बघितलं आन आपलं ताट आपणच वाढून घेतलं. मी मान खाली घातली, आन घास कितीतरी येळ तसाच तोंडात फिरत ऱ्हायला.